घारीला कचरा, फ्लेमिंगोला काय?

मुंबईत घाटकोपरला, पंतनगरच्या आमच्या कट्ट्यावर डोक्यावरून विमान गेलं की बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं. रविवारी ते थांबलं आणि मंग्याने पुन्हा सुरू केलं. "विमानतळवाले एवढा पैसा ओढतात, पण विमानाला धडकणारे पक्षी मारायला चार बंदुका घेता येत नाहीत यांना?"

सच्या विमानतळावर कामाला आहे. बर्ड स्ट्राइकचा, म्हणजे पक्षी विमानाला धडकण्याचा, विषय निघाला की त्याला चहा सुचत नाही.

"गॅसच्या तोफा असतात की. नुसता बार. दोन दिवस पक्षी दचकतात, तिसऱ्या दिवशी त्यांना कळतं, ही फक्त आवाज करते."

"आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"आणि मारलीस समजा एक घार, तर तिच्या जागी दुसरी येणार. खायला आहे तोवर येतच राहणार. पहिला पाऊस पडला की गांडुळं वर येतात, वाळवीला पंख फुटतात. मग घारी, बगळे, साळुंक्या, सगळी पंगतच. गवत कापायला ट्रॅक्टर काढला तर नांगरामागे चालतात तसे त्याच्या मागे बगळे. नाही कापलं तर उंदीर, उंदरांसाठी परत घारी. फार आखूड ठेवलं तर टिटव्या."

गवताची उंची ही कोणाची डोकेदुखी असेल असं मला आजवर वाटलंच नव्हतं.

"दक्षिण कोरियात मुआनच्या विमानतळावर १७९ माणसं गेली," मंग्या हटेना. "डिसेंबर २०२४. दोन्ही इंजिनांत बदकं सापडली. तिथेही गवत कापत बसायचं होतं का?"

"आणि रनवेच्या पुढचा काँक्रीटचा बांध? विमान त्यावर आदळून पेटलं, ते सोडून दे. सगळं बदकांवर नको ढकलूस." सच्या आता उभाच राहिला. "आपल्याकडे १९३७ सालच्या विमान नियमांत लिहिलंय, विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही, उघड्यावर जनावरं कापायची नाहीत."

"१० किलोमीटर? मग देवनारचं डम्पिंग?"

"सहा-सात किलोमीटरवर. आणि तू गच्चीवरून घारींना कोंबडीची आतडी टाकतोस ती त्याहून जवळ."

"ते पुण्याचं काम आहे."

मंग्या क्षणभर चाचरला, पण मग त्याने खरा मुद्दा काढला. "बरं, घारी कचऱ्याला येतात, मान्य. इथे लक्ष्मीनगरला ३०हून जास्त फ्लेमिंगो पडले विमानाला धडकून, ते कुठल्या उकिरड्यावर जात होते?"

सच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. दुबईहून आलेलं ते विमान सुखरूप उतरलं, सकाळी वनखात्याची माणसं गल्लीबोळांतून गुलाबी पिसं गोळा करत होती, एवढंच आम्हाला ठाऊक.

तांडेल काका इतका वेळ तंबाखू मळत होते. जन्म माहूलचा, ठाण्याची खाडी त्यांना अंगणासारखी. "तारीख काय होती?"

"२० मे २०२४. रात्री नऊच्या सुमारास."

"आदल्या दिवशी मोहिनी एकादशी, माझा उपास होता. म्हणजे द्वादशी. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट कर. बारा पाऊणे?"

"नऊ."

"नऊच्या आसपास भरती. पाणी चढलं की चिखल बुडतो, चिखल बुडला की रोहित पक्षी, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, उठतात आणि नेरुळकडच्या पाणथळीत जाऊन उभे राहतात. ओहोटीला परत."

"मग त्या पाणथळी बुजवा," मंग्या म्हणाला. "आता तर नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, त्यांच्या दारातच."

"बुजव. भरती थांबणार आहे का? बसायची जागा गेली की ते अंधारात दुसरी शोधत फिरणार, तुझ्या दोन्ही विमानतळांच्या मधून."

मला काकांचं पटलं. मंग्याला नाही. त्याचं म्हणणं, असं असेल तर विमानतळाने भरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावावं. सच्या पहिल्यांदाच म्हणाला, "हे वाईट नाही."

काका बोटांवर काहीतरी मोजत होते.

"आज काय, सप्तमी ना? सव्वापाच. चला, मला जवळा आणायचाय."