युरोप ‘दर ८० वर्षांनी पेटतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची स्टुटगार्टला मास्टर्स करते आहे. शेवटचं सेमिस्टर आहे, प्रबंध अर्धाअधिक लिहून झालाय. मागच्या आठवड्यात ताईचा रात्री फोन आला, ‘तिला आत्ताच परत बोलवून घेऊ या का?’ कारण विचारलं तर म्हणाली, आधी मेसेज वाच. सोसायटीच्या ग्रुपवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ज्यांची मुलं युरोपात आहेत त्यांना नक्की पाठवा.’ म्हणजे तो कुणाच्या काळजाला लागावा हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवलं होतं.

ज्यांच्याकडे तो अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युरोप दर ८० वर्षांनी पेटतो: १६१८, १७०१, १७८९, १८७०, १९४५ आणि आता २०२५. युद्ध गोऱ्यांच्या रक्तातच आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून आपली मुलं विमानं पाठवून आणावी लागली. स्वीडनने घरोघरी युद्धाच्या तयारीची पुस्तिका वाटली आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातलेच लोक जीव मुठीत धरून कोल्हापूरला आले होते. जर्मनीत सक्तीची भरती येते आहे, तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही उचलतील. म्हणून मुलांना परत बोलवा, आपला देश सुरक्षित आहे.

पहिल्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही, फक्त ती सालं नीट बघा. १६१८ हे तीस वर्षांच्या युद्धाच्या सुरुवातीचं साल. १७०१ हे स्पेनच्या वारसा युद्धाच्या सुरुवातीचं, १८७० हे फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या सुरुवातीचं. मग १९४५ कसलं? दुसरं महायुद्ध संपल्याचं! बाकी सगळीकडे सुरुवात धरली आणि इथे मात्र शेवट धरला, कारण १९३९ धरलं तर गणित जुळत नाही. १७८९ ला तर युद्धच नव्हतं. ती फ्रेंच राज्यक्रांती, तिच्यातून युद्ध पेटलं १७९२ ला. आणि १९१४ कुठे आहे? पहिलं महायुद्ध, ज्यात लाखो माणसं खंदकांत मेली, ते या यादीत नाहीच. १६७२, १६८८, १७४०, १७५६, १८५३, १८६६ या सालांची युद्धंही नाहीत. नको ती युद्धं गाळून उरलेल्यांमध्ये ८० चं अंतर शोधायचं ठरवलं, तर कुठल्याही खंडाचं असं चक्र काढता येईल.

यात अर्धं सत्य आहे ते मान्य करते. युरोप भयंकर लढला आहे. तीस वर्षांच्या युद्धात जर्मन भाषकांच्या काही प्रदेशांत निम्मी वस्ती उरली नाही. फ्रान्स आणि जर्मनी १८७० ते १९४० या ७० वर्षांत तीनदा एकमेकांवर तुटून पडले. हे कुणी नाकारत नाही. पण यावरून ‘रक्तातच आहे’ हा जो निष्कर्ष काढलाय, त्याचा मला खरा संताप आहे आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

रक्तातच असतं तर स्वीडनचं काय करायचं? सतराव्या शतकात स्वीडिश फौज म्हणजे जर्मन खेड्यांचा कर्दनकाळ होती. त्यांचा राजा गुस्ताव अडॉल्फ १६३२ मध्ये ल्युट्झेनच्या रणांगणावरच मेला. तोच स्वीडन १८१४ नंतर एकाही युद्धात पक्ष म्हणून उतरलेला नाही. स्विस लोक तर भाडोत्री सैनिक म्हणून अख्ख्या युरोपात लढायला जात. पोपचे स्विस रक्षक त्या काळाची उरलेली खूण. स्वित्झर्लंडच्या भूमीवरचं शेवटचं युद्ध १८४७ चं, महिन्याच्या आत आटोपलेलं, शंभराच्या आसपास माणसं गेली. लोक तेच, डोंगर तेच. बदलले ते निर्णय, करार आणि राज्यव्यवस्था.

फ्रान्स-जर्मनीचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हा मेसेज ज्या भीतीवर उभा आहे ती भीती त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला असणार होती? अल्सास प्रांतातलं स्ट्रासबुर्ग शहर घ्या. १८७१ ला जर्मनीकडे गेलं, १९१८ ला फ्रान्सकडे आलं, १९४० ला पुन्हा जर्मनीकडे, १९४४ ला पुन्हा फ्रान्सकडे. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने एकाच घरात राहून चार वेळा देश बदललेला पाहिला असेल.

याच सीमाभागातला माणूस म्हणजे रोबेर शुमान. १८८६ मध्ये लक्झेंबर्गला जन्म, वडिलांकडून जर्मन नागरिकत्व, शिक्षण जर्मन विद्यापीठांत, वकिली मेट्झमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर मेट्झ फ्रान्सकडे आलं तसा तो फ्रेंच झाला आणि फ्रेंच संसदेत निवडून गेला. १९४० मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडलं, १९४२ मध्ये तो निसटला. हा माणूस पुढे फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री झाला. जर्मनीचा सूड घ्यायला त्याच्याकडे कारणं कमी होती का? त्याने ९ मे १९५० रोजी जे निवेदन केलं ते मुळातून वाचा. जेमतेम दोन-तीन पानांचं आहे, आणि त्या मेसेजमधल्या बहुतेक सगळ्या गोष्टींचं उत्तर त्यात आहे.

निवेदनाचा गाभा असा. फ्रान्स आणि जर्मनीचा सगळा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारमंडळाच्या हाताखाली द्यायचं, इतर देशांनाही त्यात येऊ द्यायचं, म्हणजे या दोघांमधलं युद्ध नुसतं अकल्पनीय नव्हे तर प्रत्यक्षातच अशक्य होईल. कोळसा-पोलादच का? कारण त्या काळात तोफा, रणगाडे, रेल्वे, दारूगोळा सगळं त्यावरच चालायचं. जर्मनीतल्या रूर खोऱ्यातला कोळसा आणि सीमेवरच्या लोरेनचं लोहखनिज यांच्यावरून तर भांडणं होती. १९२३ मध्ये युद्धाची भरपाई थकली म्हणून फ्रान्सने सैन्य घालून रूर ताब्यात घेतलं होतं, आणि त्या अपमानातून पुढे काय उगवलं ते जगाने पाहिलं. आता दोघांच्या भट्ट्यांचा हिशेब एकाच टेबलावर येणार होता. चोरून शस्त्रं वाढवायची सोयच उरणार नव्हती.

इथे कुणी कुणाच्या चांगुलपणावर विसंबलेलं नाही हे लक्षात घ्या. पाच वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांची शहरं बेचिराख करणाऱ्यांनी आपापल्या स्वभावावर विश्वास ठेवला नाही, व्यवस्था बांधली. १९५१ मध्ये पॅरिसला सहा देशांनी करार केला: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. १९५७ ला रोमचा करार झाला. १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर यांनी मैत्री करारावर सह्या केल्या, आणि दोन्हीकडच्या तरुणांना एकमेकांच्या घरी, शाळेत, कारखान्यात पाठवणारी संस्था त्याच वर्षी उभी राहिली. २००६ मध्ये दोन्ही देशांच्या शाळांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक निघालं. भारत आणि पाकिस्तानच्या मुलांनी एकच इतिहासाचं पुस्तक वाचण्याची कल्पना करून पाहा, म्हणजे ते किती अवघड काम होतं ते कळेल. स्ट्रासबुर्गहून ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलला आज ट्राम जाते, २०१७ पासून. त्या सहा देशांपैकी कुणीही तेव्हापासून एकमेकांवर गोळी झाडलेली नाही.

म्हणून ‘युरोपचा इतिहास’ म्हणून १६१८ सांगायचं आणि १९५० गाळायचं, ही निवड प्रामाणिक नाही. लढाया इतिहास असतील तर त्या थांबवण्यासाठी केलेलं कामही इतिहासच आहे.

आता युक्रेन. हा मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा आणि तो मी टाळणार नाही. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये तिथून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले, बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी, आपल्या महाराष्ट्रातलेही. खार्किवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. त्या आईवडिलांना कुणी आकडेवारी ऐकवू नये. त्याआधी बोस्नियात १९९२ ते ९५ मध्ये सुमारे एक लाख माणसं मेली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेही संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित घोषित केलेल्या जागेत. ‘युरोपात १९४५ नंतर शांतता आहे’ असं जे सरसकट म्हणतात तेही चुकीचंच बोलतात.

पण ही युद्धं झाली कुठे? बोस्निया त्या करारांच्या बाहेर होता. युक्रेनही बाहेरच, त्या करारांतून पुढे घडलेल्या युरोपीय संघात नाही आणि नाटोतही नाही. म्हणून ‘युरोप’ असा एकच शब्द वापरून लिस्बनपासून खार्किवपर्यंत सगळ्यांना एकाच भीतीत घालणं चूक आहे. स्टुटगार्टहून खार्किव दोन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. रशियाकडून पोलंड आणि बाल्टिक देशांना असलेला धोका खरा आहे, तिथली सरकारं तो गांभीर्याने घेतात. तिथे मूल असेल तर बातम्यांवर लक्ष ठेवा, दूतावासाकडे नाव नोंदवा. पण त्यासाठी तीस वर्षांचं युद्ध उगाळायची गरज नाही.

स्वीडनची पुस्तिका खरी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती घरोघरी गेली. मेसेजमध्ये हे मात्र नाही की अशी पहिली पुस्तिका तिथे १९४३ मध्ये निघाली आणि २०१८ मध्येही वाटली होती. वीज गेली, पाणी तुटलं, सायबर हल्ला झाला, पूर आला तर घरात काय ठेवावं हेही तिच्यात आहे. आपल्याकडे ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, महाराष्ट्रातही भोंगे वाजले. तेव्हा दुबईतल्या नातेवाइकांनी आपल्याला ‘घर सोडा’ म्हटलं असतं तर आपण ऐकलं असतं का?

कोल्हापूरचा मुद्दा वाचून तर मला वाईट वाटलं, कारण ती गोष्ट अभिमानाची आहे आणि ती इथे घाबरवायला वापरली आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. मुख्यतः बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियाकडे हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ते इथवर आले. हे खरं. पण त्याच युद्धात इथली माणसं सुरक्षित होती असं कुणी सांगितलं? माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात लढताना मेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण तर त्याआधीच्या महायुद्धात गेले, त्या गावाला म्हणूनच ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. युरोपात पाऊल न ठेवलेल्या घरांतही त्या युद्धांनी माणसं नेली. तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो म्हणून ते झालं. रक्ताचा आणि खंडाचा तिथेही संबंध नव्हता.

आता शेवटचा मुद्दा, ज्याने ताईची झोप उडवली. ‘आपल्या मुलांनाही उचलतील.’ हे साफ खोटं आहे. जर्मनीत सक्तीची भरती २०११ पासून स्थगित आहे. २०२५ अखेरीस नवा कायदा झाला. त्यात २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन मुलग्यांना प्रश्नावली भरावी लागते, मुलींना ती ऐच्छिक आहे, आणि सैन्यात जाणं अजूनही स्वेच्छेवर आहे. पुन्हा सक्ती आणायची तर संसदेला वेगळा निर्णय घ्यावा लागेल. आणि हे सगळं जर्मन नागरिकांपुरतं आहे. भारतीय पासपोर्टवर शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या कुणालाही ते लागू होत नाही. ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांनी मुलग्यांसाठी हा कायदा जरूर समजून घ्यावा, तो रास्त विचार आहे. माझ्या भाचीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि तिचं शेवटचं सेमिस्टर अशा वाक्यासाठी मोडायला निघालो होतो याचा मला राग आहे.

भारतीय मुलं परक्या सैन्यात अडकल्याची खरी घटना आहे, आणि ती त्या मेसेजमध्ये नाही. रशियात ‘मदतनीस’, ‘सिक्युरिटी’ अशा नोकऱ्या देतो म्हणून एजंटांनी नेलेल्या आपल्या तरुणांना युद्धात ढकललं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, अशी १२६ प्रकरणं माहीत आहेत, ९६ जण परत आले, १२ जण मारले गेले. ती मुलं नोकरी शोधायला गेली होती. तेव्हा ‘युरोपात मुलं असणाऱ्यांना नक्की पाठवा’ म्हणत ग्रुपवर काही फिरवायचंच असेल, तर हे फिरवा: रशियात मोठ्या पगाराची नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटला पासपोर्ट देऊ नका, करार रशियन भाषेत असेल तर कळल्याशिवाय सही करू नका, आणि कुणाचा मुलगा आधीच तिकडे गेला असेल तर मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला आजच कळवा.