जेलीफिशचा डंख आणि मोबाइलवर फिरणारे उपचार

गोव्यात पाऊस ओसरून किनाऱ्यांवर गर्दी व्हायला लागली की एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. यंदा तो घरच्या, सोसायटीच्या आणि मुलांच्या शाळेच्या, अशा सगळ्याच ग्रुपांवर येऊन गेला. थोडक्यात असा: ‘गोव्याच्या समुद्रात जीवघेणे जेलीफिश आले आहेत. डंख झाल्यावर काही मिनिटांत हृदय बंद पडते. डंखाची जागा लगेच गोड्या पाण्याने धुवा, वाळूने चोळा, लघवी किंवा दारू ओता, वरून बर्फ लावा. किनाऱ्यावर मेलेला जेलीफिश निरुपद्रवी असतो, मुलांना हातात द्यायला हरकत नाही. समुद्रसापाचे तोंड लहान असते, तो चावू शकत नाही. जेलीफिश किंवा पाकट किनाऱ्यावर दिसले तर वाळूत पुरून टाका. सर्वांना पाठवा.’

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यात सांगितलंय तसं कुणी खरंच केलं तर साधा डंख जास्त दुखेल, आणि जिथे जपायला हवं तिथे माणूस बेसावध राहील. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘काही मिनिटांत हृदय बंद पडते’ हे वाक्य कुठून आलं असावं, ते मजकुरासोबतच्या फोटोवरून कळतं. फोटो आहे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या बॉक्स जेलीफिशचा. त्याचं विष खरोखरच काही मिनिटांत माणसाचा जीव घेऊ शकतं. गोव्यात मात्र पोहणाऱ्यांना भेटतात ते बहुतेक वेळा दोन प्रकार. एक मून जेली, म्हणजे पारदर्शक, बशीएवढा, ज्याच्या स्पर्शाने थोडी आग आणि खाज होऊन थांबते. दुसरा ब्लूबॉटल, म्हणजेच पोर्तुगीज मॅन ओ’ वॉर. याचा डंख चाबूक बसल्यासारखा लागतो, कातडीवर लालसर तुटक ठिपक्यांची रेघ उठते आणि वेदना तासभर तरी सोडत नाही. पण धडधाकट माणूस यात दगावणं अतिशय दुर्मिळ. नोव्हेंबर 2020मध्ये बागा-कळंगुटपासून दक्षिण गोव्यापर्यंत दोनच दिवसांत 90हून अधिक जणांना डंख झाल्याची नोंद ‘दृष्टी’ या किनारा-सुरक्षा संस्थेच्या जीवरक्षकांनी केली होती. बहुतेकांना प्रथमोपचार पुरले. त्या दिवसांत एका तरुणाच्या छातीत दुखू लागलं, श्वास घ्यायला त्रास झाला, त्याला ऑक्सिजन देऊन इस्पितळात न्यावं लागलं.

त्या तरुणासारखी लक्षणं ओळखता यायला हवीत. चेहरा किंवा ओठ सुजणं, धाप लागणं, चक्कर, उलट्या, छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, 108ला फोन करा. लहान मूल असेल, डंख अंगाच्या मोठ्या भागावर किंवा डोळ्याजवळ असेल, तरीही डॉक्टरला दाखवाच. आणि पाण्यात असताना डंख लागला तर आधी शांतपणे बाहेर या. वेदनेने घाबरून हातपाय झाडणारा माणूस खोल पाण्यात बुडू शकतो, ही भीती विषापेक्षा मोठी आहे.

आता उपचार. मजकुरातलं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, त्यामुळे इथे जरा थांबते.

जेलीफिशच्या दोऱ्यांसारख्या शुंडकांवर हजारो सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येकीत एक बारीक पिशवी, आणि पिशवीत गुंडाळून ठेवलेली पोकळ, टोकदार नळी. स्पर्श झाला की नळी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात बाहेर सुटते आणि कातडीत विष सोडते. मात्र पहिल्या स्पर्शात सगळ्या पिशव्या फुटत नाहीत. दोऱ्याचा तुकडा अंगाला चिकटून राहतो आणि त्यावरच्या कितीतरी पिशव्या तशाच भरलेल्या असतात. प्रथमोपचाराचं पहिलं काम एवढंच, की त्या उरलेल्या पिशव्या फुटू द्यायच्या नाहीत.

मजकुरातला जवळजवळ प्रत्येक उपाय याच्या नेमका उलट जातो. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या त्या पेशींवर गोडं पाणी पडलं की क्षारांचा तोल बिघडतो आणि पिशव्या फुटतात. वाळूने चोळलं की दाबाने फुटतात. लघवी कधी पातळ, कधी दाट. पातळ असेल तर ती गोड्या पाण्यासारखीच वागते आणि दाट असली तरी तिने वेदना कमी होते असा पुरावा नाही. दारूनेही पिशव्या फुटू शकतात, मग ती फेणी असो की आणखी काही. किनाऱ्यावर बाटली हाताशी असते आणि ‘फेणी सगळ्यावर चालते’ असं म्हणणारं कुणीतरी असतंच, म्हणून हे मुद्दाम सांगते: फेणी जखमेवर नको आणि डंख झालेल्याच्या पोटातही नको.

करायचं ते असं. समुद्राच्याच पाण्याने जागा हळूच धुवा, घासू नका. चिकटलेले दोरे चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचलून काढा. एटीएम कार्डाने खरवडण्याचा सल्ला पूर्वी दिला जायचा, पण त्यानेही दाब पडतो, तेव्हा तो सोडून द्या. मग गरम पाणी.

‘वरून बर्फ लावा’ याचं उत्तर मिळतं ते ऑस्ट्रेलियातूनच. न्यू साउथ वेल्समध्ये ब्लूबॉटलचा डंख झालेल्या 96 जणांवर डॉक्टरांनी दोन्ही उपाय पडताळून पाहिले आणि 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीस मिनिटं जागा बुडवून ठेवलेल्यांपैकी 87 टक्के लोकांची वेदना कमी झाली. बर्फ लावलेल्यांमध्ये हे प्रमाण 33 टक्के होतं. बर्फाने अपाय होतो असं नाही, पण गरम पाणी मिळत असताना त्यावर अवलंबून राहू नका.

45 अंश म्हणजे सोसवेल इतपत कढत. उकळतं पाणी नव्हे. भाजून नवीन जखम झाली तर सगळंच बिघडेल. आधी डंख न झालेल्या हाताने पाणी बघा. मुलाच्या पायावर ओतायचं असेल तर स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा, कारण वेदनेत असलेल्या मुलाला पाणी किती गरम आहे हे नीट सांगता येत नाही. पाणी निवत जातं, तेव्हा थोडं थोडं नवीन घालत राहावं लागतं. जवळच्या शॅकमध्ये चहासाठी आधण असतंच, थंड पाणी मिसळून बादली तयार करायला ते देतात. हॉटेलवर जाता येत असेल तर गरम पाण्याचा शॉवर चालतो.

व्हिनेगरचा उल्लेख मजकुरात नाही, पण खाली प्रतिक्रियांत कुणीतरी करतंच. बॉक्स जेलीफिशच्या डंखात व्हिनेगर न फुटलेल्या पिशव्यांना अटकाव करतं, याबद्दल तज्ज्ञांत एकमत आहे. ब्लूबॉटलच्या बाबतीत ते वापरावं की नाही यावर मतभेद आहेत. किनाऱ्यावर जीवरक्षक असेल तर त्याला ठरवू द्या. त्या दिवशी पाण्यात काय दिसतंय हे त्याला ठाऊक असतं.

‘मेलेला जेलीफिश निरुपद्रवी’ हे तर साफ चूक. त्या पिशव्या फुटायला जनावर जिवंत असावं लागत नाही. भरतीच्या रेषेवर पडलेला ब्लूबॉटल एकदा नीट पाहिलात तर हे पटेल. निळा-जांभळा फुगा, वर गुलाबी कडा, बोटभर लांब, ओला असेपर्यंत चमकणारा. मुलांचा हात आपसूक जातो. फुगा सगळ्यांना दिसतो, पण त्याचे निळे दोरे वाळूत माखून हातभर, कधी त्याहून लांब पसरलेले असतात, आणि पाय पडतो तो त्यांच्यावर. पाण्यात तर हे दोरे साधारण दहा मीटर, क्वचित तीस मीटरपर्यंत लांबतात. फुगा दूर आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. तुटलेला तुकडाही डसतो.

त्याच रेषेवर कधी कधी नाण्याएवढी निळी चकती दिसते, कडेने झालर असलेली. तिला ब्लू बटन म्हणतात. तिच्यापासून फारसा त्रास होत नाही, झालाच तर थोडी खाज. तरी मुलांना नुसतं बघायला शिकवा.

समुद्रसापाबद्दलचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. तोंड लहान म्हणून चावत नाही, हा समज किनाऱ्यावर खूप जुना आहे आणि तो खोटा आहे. समुद्रसाप स्वभावाने भांडखोर नाही, पोहणाऱ्याच्या अंगावर येत नाही, हे खरं. पण जाळ्यात अडकलेला साप सोडवताना मच्छीमारांना दंश होतात, आणि वाळूवर वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेला साप पडलेला दिसला की त्याला काठीने डिवचणारे हौशी लोक तोच धोका ओढवून घेतात. दंश फारसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. मग काही तासांनी अंग ठणकू लागतं, हालचाल जड होते, लघवी काळपट होते. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, समुद्रसापाच्या नाही. म्हणून दंशाचा नुसता संशय असला तरी तो अवयव न हलवता, चालू न देता, माणसाला थेट गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या आणि साप समुद्रातला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.

राहिला पुरून टाकण्याचा सल्ला. पाकट, म्हणजे चपट्या अंगाचा मासा, ज्याला गोव्यात वागळें म्हणतात, उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतं आणि पाय पडला तर शेपटीवरचा काटा मारतं. कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत चाललात तर ते चाहूल लागून निघून जातं. लागलाच काटा तर इथेही गरम पाण्याने आराम पडतो. मात्र काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपटू नका, तसंच इस्पितळ गाठा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर बाजूला टाकलेली छोटी पाकटं आणि शिंगाळे (काटेरी कॅटफिश) किनाऱ्यावर पडलेले असतात. त्यांचे काटे मेल्यावरही विषारी राहतात. असं जनावर वाळूत पुरलं तर काटा वर करून ते तिथेच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी कुणाचं तरी मूल किल्ला करायला बसतं. पुरू नका, पायाने ढकलू नका, हातात धरून फोटो काढू नका. जवळच्या मनोऱ्यावरच्या जीवरक्षकाला जागा दाखवा आणि तो येईपर्यंत मुलांना तिथून लांब ठेवा.