फरशीवरचा रोबो आणि टॅबची सक्ती

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दावा फिरतोय: ‘अल्गोरिदम शिकवायचा तर टॅब नाहीतर रोबो-किट पाहिजेच. फरशीवर चौकोन आखून रोबो-रोबो खेळणं हा टाइमपास. आणि पहिली-दुसरीच्या पोरांना ते झेपतही नाही.’

किट पाहिजेच? अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या क्रमानं दिलेल्या, एकच अर्थ निघणाऱ्या सूचना. ‘बिंदू चौकातनं पुढं जावा, तिथं कुणालाबी विचारा’ हे पाहुण्याला पुरतं, यंत्राला नाही. एवढं कळायला वीज लागत नाही. मुलांसाठीची लोगो ही संगणकभाषा १९६७ची. तिच्यातल्या, पडद्यावर फिरणाऱ्या कासवालाही पुढे जा, वळ असेच हुकूम असतात आणि अडलेल्या मुलाला लोगोच्या निर्मात्यांपैकी एक, सीमूर पॅपर्ट, स्वतःच कासव होऊन चालून बघायला सांगत.

सामान किती? खडूनं ४० सेंटिमीटरचे ५ × ५ चौकोन आखा. जुन्या लग्नपत्रिकांची २० कार्डं कापा: ‘पुढे’ १०, ‘डावीकडे वळ’ ४, ‘उजवीकडे वळ’ ४, ‘उचल’ २. एक पोर रोबो होऊन चौकोनात उभं राहतं, दुसरं कार्डं ओळीनं मांडतं आणि रोबो एकेका कार्डाप्रमाणे चालत ठेवलेल्या वस्तूपर्यंत जातो. ‘पुढे’ म्हणजे एक घर पुढे, ‘वळ’ म्हणजे जागेवरच वळणं.

टाइमपास? गुळाचा खडा तीन घरं पुढे आणि एक घर उजवीकडे ठेवा. बरोबर उत्तर: पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, उचल. हमखास गळतं ते शेवटचं ‘पुढे’, कारण ‘वळ’ म्हणजे वळून एक पाऊल टाकणं असं मुलं धरून चालतात. दुसरी चूक मोजण्यातली: रोबो उभा आहे तेच घर ‘एक’ धरलं की ‘पुढे’ची चार कार्डं लागतात आणि रोबो एक घर जास्त जातो. चुकलं की सगळी कार्डं गोळा करू नका. जिथं बिनसलं त्या कार्डावर बाटलीचं झाकण ठेवा आणि तेवढंच बदलायला लावा. खरं शिक्षण इथं होतं. रोबो झालेलं हुशार पोर मात्र चूक मनातच दुरुस्त करून गुळापर्यंत पोचतं. म्हणून पहिल्या फेरीत बाईंनीच रोबो व्हावं, अगदी ठोंब्यासारखं.

झेपत नाही? वाचता येत नसेल तर कार्डावर बाण काढा, ३ × ३ पासून सुरू करा. डाव्या-उजव्याचा घोळ बहुतेकदा समोरासमोर उभं राहिल्यानं होतो. कार्ड लावणाऱ्याला रोबोच्या पाठीमागे उभं करा. रोबोच्या डाव्या मनगटाला लाल रिबीन, डावीकडच्या कार्डालाही लाल रंग.

एक मात्र खरं. सगळी कार्डं आधी मांडून न घेता पावलागणिक बघून पुढची सूचना दिली, तर मुलाला आधी विचार करावाच लागत नाही. मग तो टाइमपासच.