वहिनींची एजन्सी

दुपारपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

अभ्यासिकेच्या फायर एनओसीसाठी, म्हणजे अग्निशमन खात्याच्या ना-हरकत दाखल्यासाठी, आज चौथी खेप. साहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. ड्रॉवरमधून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं, टेबलाच्या काचेवरून माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, यांच्याकडून करून घ्या, म्हणजे परत त्रुटी निघायच्या नाहीत." बाहेर बाकावर बसलेल्या एकाने माझ्या हातातलं कार्ड बघून सहज सांगितलं, "वहिनींची एजन्सी आहे. लगेच होतं काम."

वहिनी म्हणजे साहेबांच्या मिसेस. आणि हे सांगताना त्या माणसाचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही!

माझे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. काकाचं किराणा दुकान नेमकं त्यांच्याच हद्दीत. लोखंडी वजनाच्या बुडाला शिसं भरलेलं असतं, त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का बसतो. काकाच्या वजनांवर बाबांनी तो कधीच मारला नाही. वरिष्ठांना लेखी दिलं, हे दुकान माझ्या सख्ख्या भावाचं आहे, पडताळणी दुसऱ्या कुणाकडे द्या. काका दोन दिवाळ्या आमच्याकडे फिरकला नाही.

काकाची वजनं चोख होती हो. बाबांनाही ते माहीत होतं.

2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यात परवानाधारक एजन्सी आहे ती कशासाठी? आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं, जानेवारीत आणि जुलैत. ते जातं त्याच खात्याकडे. म्हणजे बायकोने सही करायची आणि नवऱ्याने ती तपासायची. माझ्याकडे साठ मुलं रात्री एक-एक वाजेपर्यंत बसतात. पंप चाललाच नाही तर? तेव्हा कोण कुणाला नोटीस काढणार?

बायकांनी धंदा करूच नये का, असं कुणीतरी विचारेल. करावा की, जरूर करावा. पण नवऱ्याच्या ड्रॉवरमधून गिऱ्हाईक यायला नको.

नियम नाहीत असंही नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे 1979 चे वर्तणूक नियम काढून बघा. परवानगीशिवाय धंदा करायचा नाही, घरातलं कुणी करत असेल तर सरकारला कळवायचं, आणि त्यांच्या धंद्यासाठी शब्द टाकायचा नाही. व्यापाराला बंदी असलेला लोकसेवक व्यापारात पडला तर एक वर्षापर्यंत कैद, हे दंड संहितेच्या कलम 168 मध्ये 1860 पासून होतं, आता न्याय संहितेत 202 मध्ये आहे. इंग्रजांनाही कळत होतं! आपल्याला कळत नाही असं नाही, आपण सवय करून घेतलीय. मला राग साहेबांपेक्षा त्या बाकावरच्या माणसाचा जास्त आला, आणि खरं सांगते, कार्ड मुकाट्याने पर्समध्ये टाकणाऱ्या माझाही.

सगळे अधिकारी असे नसतात, मान्य. मी तर तशाच एकाच्या घरात वाढलेय.

संध्याकाळी अभ्यासिकेत आले तर कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं एकमेकांना स्पर्धा परीक्षेतल्या एथिक्सच्या पेपरचे प्रश्न विचारत होते. 'हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय?' मुलगी घडाघडा बोलत होती, डोळे मिटून. घसा दाटून आला माझा. या मुलांना उद्या त्याच खुर्च्यांवर बसायचंय.

काकाने तेव्हा बाबांना विचारलं होतं, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" बाबा म्हणाले, "माझा आहे रे. पण तुझ्या गिऱ्हाइकाने काय समजायचं?" तिसऱ्या दिवाळीला काका आला. येताना पाच किलोचं ते वजन पिशवीत घालून आणलं आणि उलटं करून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या निरीक्षकाचा शिक्का होता. दोघांनी मग एकत्र फराळ केला.

ते वजन आज अभ्यासिकेच्या दाराला अडकण म्हणून लावलेलं आहे. दुसऱ्या एजन्सीला मी फोन केलाय, सकाळी त्यांचा माणूस पंप बघायला येतोय. त्यांचे कागद घेऊन मी त्याच टेबलासमोर जाणार आहे. त्रुटी काढल्या तर त्या लेखी मागणार, आणि ते कार्ड अर्जाला जोडून वर पाठवणार.