टॉन्सिलवरचा मोड आणि घराघरांत पसरलेली भीती

गेले काही दिवस नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. मला तो तीन जणांकडून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आरशासमोर तोंड उघडा, टॉन्सिलवर काही वाढलेलं दिसलं तर तो एचपीव्ही विषाणू. एचपीव्ही म्हणजे घशाचा कॅन्सर ठरलेलाच. तो बाहेरख्याली जोडीदाराकडूनच येतो. टॉन्सिल ताबडतोब काढून टाका, पण तुकडा तपासायला देऊ नका, सुरी लागली की कॅन्सर भडकतो. आणि लस काय ती मुलींसाठी.

आमच्या नात्यातल्या एका बाईंनी हे वाचून दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. नवऱ्याशी बोलणंही बंद केलं. त्यांच्या टॉन्सिलवर होता तो साधा खडा. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"टॉन्सिलवर काही दिसलं की एचपीव्ही"

टॉन्सिल गुळगुळीत नसतंच. त्याला खोल भेगा आणि खळगे असतात. त्यांत अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जंतू अडकून घट्ट होतात, त्यांवर क्षार बसतात आणि पांढरट-पिवळे, घाण वास येणारे खडे तयार होतात. ते पुष्कळांना होतात आणि निरुपद्रवी असतात. जंतुसंसर्गात पुवाचे ठिपके दिसतात, सोबत ताप आणि ठणका असतो. कधी एखादा खळगा तोंडाशी बुजून पिवळसर, गुळगुळीत फुगवटा येतो. यातल्या कशाचाही एचपीव्हीशी संबंध नाही.

एचपीव्हीमुळे येणारा मोडही असतो, त्याला पॅपिलोमा म्हणतात. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा, बहुधा बारीक देठावर लोंबणारा, न दुखणारा. दुसऱ्याच कारणासाठी घसा बघताना डॉक्टरांना तो अनेकदा सापडतो. तो चामखिळीच्या जातीचा असतो. डॉक्टर तो काढतात आणि खात्रीसाठी तपासायला पाठवतात. त्याचा कॅन्सर होणं अगदी विरळ.

"एचपीव्ही म्हणजे कॅन्सर"

सगळा घोळ इथे आहे. एचपीव्ही हा एक विषाणू नाही, दोनशेहून अधिक प्रकारांचं कुळ आहे. हातापायावरच्या चामखिळी याच कुळातल्या काही प्रकारांमुळे येतात. घशातल्या पॅपिलोमात सापडतात ते मुख्यतः ६ आणि ११ हे कमी धोक्याचे प्रकार. घशाच्या कॅन्सरशी जोडलेला आहे तो १६ क्रमांकाचा. हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या चमूने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तो ओळखला, आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. या प्रकाराची दोन प्रथिनं पेशींची अमर्याद वाढ रोखणारे लगामच निकामी करतात. म्हणजे मोड आणणारा प्रकार वेगळा, कॅन्सर करणारा वेगळा. मोड दिसला म्हणून १६ क्रमांकाचा विषाणू आहे असं ठरत नाही.

शिवाय १६ क्रमांकाचा शिरला तरी बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्यांच्याच घशात तो ठाण मांडतो आणि त्यानंतरही कॅन्सर व्हायला बहुधा दशकं लागतात.

संदेशातल्या भीतीचं मूळ मात्र खरं आहे, ते नाकारणार नाही. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरपैकी ६० ते ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात असं तिथली रोग नियंत्रण संस्था सांगते. तिथे पुरुषांत हे प्रमाण वाढत गेलं आहे. आपल्याकडे हा वाटा बराच कमी आहे. आपल्याकडे तोंडाघशाच्या कॅन्सरचं मोठं कारण तंबाखू आहे आणि जोडीला दारू असली की धोका कितीतरी वाढतो. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या चारांपैकी एकाहून अधिक प्रौढ व्यक्ती तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. तो संदेश पुढे पाठवणाऱ्या किती घरांत मिश्रीची डबी आहे, माव्याची पुडी आहे, विडीचं बंडल आहे! त्याबद्दल संदेशात एक शब्द नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

"बाहेरख्याली जोडीदाराकडूनच येतो"

या वाक्याने माणसं तुटतात. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो, एकच जोडीदार असला तरीही. घशात तो मुख्यतः मुखमैथुनातून पोचतो, पण वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे तो केव्हा आला, कुणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. आज निदान झालेल्या माणसाला तो लग्नाआधी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लागलेला असू शकतो. तपासणीच्या कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नका.

"टॉन्सिल काढा, पण तुकडा देऊ नका"

दोन्ही उलटं आहे. कॅन्सर टाळण्यासाठी निरोगी टॉन्सिल काढायचा सल्ला दिला जात नाही. जिभेच्या मुळाशीही तशीच ऊती असते, तिथेही हा कॅन्सर होतो आणि ती काही कुणी काढून टाकत नाही.

तुकडा काढल्याने कॅन्सर भडकतो हा समज आपल्याकडे जुना आहे आणि त्याने माणसं दगावली आहेत. तपासणीला नकार देऊन महिनोन् महिने काढे घेत बसायचं आणि गाठ मानेत उतरली की धावपळ करायची, असं होतं. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे कळत नाही, आणि असला तर तो एचपीव्हीचा की तंबाखूचा, तेही कळत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. एचपीव्हीमुळे झालेला कॅन्सर उपचारांना अधिक चांगली दाद देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी अशा रुग्णांपैकी ८२ टक्के हयात होते, तर एचपीव्ही नसलेल्यांपैकी ५७ टक्के. "ठरलेलाच" म्हणून हात टेकणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

"लस मुलींसाठी"

नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना दोन डोस देतात, त्यापुढच्या वयात तीन. झालेला संसर्ग किंवा असलेला मोड लसीने जात नाही, म्हणूनच ती लहान वयात द्यायची. घशाचा हा कॅन्सर पुरुषांत जास्त दिसतो, तेव्हा मुलाला लस देताना "त्याला कशाला?" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता आरशात बघायचंच असेल तर काय बघायचं? एकच टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठं होत चाललंय का. न भरणारी जखम आहे का. आणि आरशात न दिसणारं, हाताला लागणारं: जबड्याच्या कोनाखाली मानेत न दुखणारी गाठ. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा तीच पहिली खूण असते, घसा अजिबात दुखत नसतो. गिळताना अडकणं, थुंकीत रक्त, आवाज बदलणं, कान ठीक असूनही एकाच कानात सतत ठणका. यातलं काहीही तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तंबाखू खात-ओढत असाल तर तेही त्यांना लपवू नका. नुसत्या टॉर्चने जिभेचं मूळ दिसत नाही, तेव्हा दुर्बिणीतून तपासायचं का, हे त्यांना विचारा.