काका, बिगिनरवालं टाकू काय?

लॅपटॉपच्या झाकणावर दुकानातल्या पोरानं लावलेली ती चिकटपट्टी अजून आहे. निळ्या बॉलपेननं लिहिलेली: 'काका. जुना. बिगिनर.' खोबरेल तेल लावून, नखानं खरवडून झालं. 'काका' निघालं. 'जुना. बिगिनर.' काही केल्या निघत नाही.

बिगिनर! अहो, डॉसच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचो तेव्हा हे पट्टी चिकटवणारं पोरगं जन्मालाही आलं नव्हतं. उभी हयात छापखान्यात गेली माझी. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका आणि जिल्ह्यातल्या निम्म्या सोसायट्यांचे वार्षिक अहवाल मी संगणकावर लावले. ताळेबंदात पै चुकली तर फोन यायचा, पण माझ्या संगणकाच्या ज्ञानाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

झालं ते एवढंच. विंडोज 10 ची सुरक्षेची नेहमीची अपडेटं 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर किमान आठव्या पिढीचा लागतो. माझा सातव्या पिढीचा. लॅपटॉप धडधाकट, कीबोर्डवरचं एक अक्षर पुसलेलं नाही. तरी राजारामपुरीतल्या एका दुकानातल्या पोरानं तो नुसता उलटा करून बघितला आणि म्हणाला, "काका, हे स्क्रॅप. एक्स्चेंजला घाला."

मी म्हटलं, "लिनक्स टाक." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची प्रणाली.

त्यानं वर बघितलं. चेहऱ्यावर अशी काही माया दाटून आली की मलाच अवघडल्यासारखं झालं. "तुमच्यासाठी बिगिनरवालं टाकू काय?"

आता लिनक्सची रूपं अनेक, त्यातून एकाची निवड करायची म्हणजे एक स्वतंत्र छळ आहे. घरी मी बराच अभ्यास केला होता. उबुंटू 2004 पासून आहे, मिंट 2006 पासून. झोरिन म्हणून एक आहे, त्यांनी तर आपली अठरावी आवृत्ती नेमकी 14 ऑक्टोबरलाच बाहेर काढली. इकडं तिरडी बांधतायत तर तिकडं मांडव. फेडोरा आहे. सगळेच म्हणतात आम्हीच सोपे. पुण्याच्या भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, तू आर्च टाक, सगळं आपल्या हातानं करायचं." मी म्हटलं, बाबा रे, सगळं आपल्या हातानं करायची हौस तुझ्या मामीनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी फेडून घेतली. शेवटी मिंट ठरवलं. सिनॅमन नावाचा त्याचा पडदा विंडोजसारखाच, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू. आठ जीबी रॅमवर आरामात चालतं. मशीन अगदीच थकलेलं असेल तर त्याचंच एक्सएफसीई नावाचं हलकं रूप मिळतं. शिवाय बाविसाव्या आवृत्तीला 2029 पर्यंत मरण नाही. म्हणजे पोराला सांगायला माझ्याकडं पूर्ण उत्तर होतं. पण त्यानं 'बिगिनर' आधीच लिहून चिकटवलं होतं.

आणि तेवढ्यात अण्णा बोलले.

अण्णा म्हणजे बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक. वय साठीच्या पुढं. मांडीवर हेल्मेट, हेल्मेटात कोथिंबिरीची पेंडी. फोन स्लो झालाय म्हणून आले होते, पण स्वतःच्या फोनापेक्षा माझ्या लॅपटॉपात त्यांचा जीव जास्त अडकला होता.

"पाव्हणं, सातवी पिढी म्हंजे?"

"प्रोसेसरची. आता आठवी लागते."

"सात पिढ्या चाललंय आणि हे पोरगं स्क्रॅप म्हंतंय?"

दुकानात माझ्या बाजूनं बोललेलं हे पहिलं वाक्य. मी विरघळलो. पोरानं पेनड्राइव्ह काढला. त्यावर पेंग्विनचं स्टिकर.

"ह्यो राणीच्या बागंतला न्हवं?"

"नाही अण्णा, ही लिनक्सची खूण आहे."

"कंपनी कुठली?"

"कंपनी नाही."

"मग मालक?"

"तसा मालकही नाही."

अण्णांनी हेल्मेट शेजारी ठेवलं. "मालक न्हाई असं कसं? सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

मी समजावायला बसलो. म्हटलं, 1991 साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी होता. त्यानं हौसेखातर या प्रणालीचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. लिनक्स हे नाव तेवढं त्याच्या नावावर नोंदलंय, पण काम जगभरातल्या हजारो लोकांचं. परवानाच असा आहे की कुणीही वापरा, बदला, वाटा. फक्त बदलून दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही तोच हक्क द्यायचा, दडवून ठेवायचं नाही.

अण्णा विचारात पडले. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे सहकारी हाय म्हणा की!"

सोसायट्यांचे अहवाल लावून हात झिजलेत माझे, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. मी हो म्हटलं. तिथून पुढचं सगळं अण्णांच्या हातात गेलं.

"संचालक मंडळ?"

"त्याचं असं आहे, मिंट उबुंटूवर बेतलंय, उबुंटू डेबियनवर. डेबियन 1993 पासून आहे. त्यांच्याकडं प्रमुखाची दरवर्षी निवडणूक होते. सभासद मतदान करतात."

कोथिंबिरीची पेंडी खाली पडली. अण्णांना भान नव्हतं.

"दरवर्षी? पॅनेल किती?"

"पॅनेल नसतं. उमेदवारांना पसंतीक्रम लावायचा. शिवाय यातलं कुणीच नको असंही मत देता येतं."

"ठरावदारांस्नी सहलीला कुठं नेत्यात?"

"नेत नाहीत, अण्णा."

"आवो नेत असत्यात. तुमास्नी सांगत न्हाईत."

"खरंच नाही नेत."

"मग मतदान कशाला करत्यात?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. "बरं, डिव्हिडंड?"

"नाही."

"दिवाळीला साखर?"

"नाही."

"मग सभासदाला मिळतंय काय?"

"सॉफ्टवेअर."

"ते तर बिगर सभासदाला बी मिळतंय की!" अण्णांनी पोराकडं बघून मान हलवली. "दोन वर्सात अवसायनात निघंल बघ."

मी म्हटलं, "अण्णा, तीस वर्षं उलटून गेली. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक मोजतात, ते सगळे यावरच चालतात. फार कशाला, तुमच्या हातातला अँड्रॉइडचा फोन, त्याच्या पोटातही हाच गाभा आहे."

हे बोलायला नको होतं असं आता पोरगं म्हणतं. मला नाही वाटत. खरं आहे ते खरं आहे.

अण्णांनी फोन तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला. आवाज खाली आला. "माझ्या फोनात? कुणी टाकलं?"

"कारखान्यातूनच येतं."

"मला न विचारता?" मग डोळ्यांत प्रकाश पडला. "म्हंजे ह्याच्यामुळंच स्लो झालाय! ए, काढ गा ते आधी!"

"आण्णा, ते काढलं तर फोनात काय ऱ्हाईल?" पोरगं म्हणालं. "तुमची मेमरी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरल्या."

"ते ऱ्हाऊ देत. पेंग्विन काढ."

एवढ्यात माझा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू झाला. हे मात्र मला मनापासून आवडतं. आतल्या डिस्कला हात न लावता नुसतं बघून घेता येतं, आवाज येतो का, वायफाय लागतं का. पसंत पडलं तर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह काढून घरी जा. अण्णांनीही शेजारी उभं राहून आवाजाचं बटण वर-खाली करून बघितलं आणि "नाद खुळा" असा शेरा दिला. पोरानं डिस्क पुसायची परवानगी विचारली, मी मान हलवली, अण्णांनीही हलवली. जणू आम्ही भागीदार.

थोड्या वेळानं पोरगं म्हणालं, "सातशे द्या काका."

"फुकट आहे ना हे?"

"सॉफ्टवेअर फुकट. सर्व्हिस चार्ज."

मी अण्णांकडं बघितलं. इतका वेळ ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो माणूस शांतपणे कोथिंबीर झटकत म्हणाला, "पाव्हणं, सहकारात बी हमाली-तोलाई आसतीच की. द्या, द्या."

दिले. पावती मिळाली नाही.

घरी आल्यावर कळलं की सोपं कशाला म्हणतात ते या लोकांनी कधी धड विचारलेलंच नाही. मेनू डाव्या कोपऱ्यात असला की झालं बिगिनरवालं. माझं अडलं ते भलतीकडंच. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लगेच लागला, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टायपिंग झकास. पण माझे जुने अहवाल सगळे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. फॉन्टची फाइल शोधून ठेवेपर्यंत 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. फॉन्ट ठेवल्यावर मजकूर दिसला, पण त्यात दुरुस्ती करायची तर ते टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. घरातला छोटा लेझर प्रिंटर तर ओळखच दाखवत नाही. इंटरनेटवर विचारावं तर तो तिकडचा माणूस म्हणतो, नवीन प्रिंटर घ्या, लिनक्सला चालणारे पुष्कळ मिळतात. म्हणजे चांगला लॅपटॉप फेकायचा नाही म्हणून चांगला प्रिंटर फेकायचा. माझ्यासारख्या कामकरी माणसाच्या टेबलावर काय काय असतं हे ना त्या आठव्या पिढीवाल्यांनी बघितलंय, ना या फुकटवाल्यांनी. आणि दोघंही माझ्याशी मी पहिलीतला असल्यासारखे बोलतात. लॅपटॉप मात्र आता पूर्वीपेक्षा जोरात चालतो, हे सांगताना सुद्धा मी दातओठ खातो.

परवा सकाळी दारात हॉर्न वाजला. अण्णा. पत्ता दुकानातून काढलेला. हेल्मेटात यावेळी मेथी, आणि काखेत नातवानं टाकून दिलेला लॅपटॉप, बिजागरी तुटलेला.

"आमालाबी सभासद करून घ्या," म्हणत ते खुर्चीत बसले. बायकोनं चहा आणला. पेनड्राइव्ह मी आता स्वतःचा बनवून ठेवलाय, तो लावला. नंतर दुपारपर्यंत आम्ही बसलो. अण्णांना वायफायचा पासवर्ड आठवेना, मग नातवाला फोन, मग नातवाचा मोबाइल बंद, मग सूनबाईंना फोन. जेवायची वेळ झाली, अण्णा जेवले. मेथी त्यांनी परत नेली.

निघताना मी आपलं हसत हसत विचारलं, "अण्णा, हमाली-तोलाईचं काय?"

"आवो पाव्हणं," अण्णांनी हेल्मेट डोक्यात घातलं, "सभासदा-सभासदांत कसली हमाली!"