फितूर कोण, ते दादाला विचारा

४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं झाली. सकाळी फोन उघडते तो घरच्या ग्रुपवर दादाचा हातभर मेसेज. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तासगावला असतो. मथितार्थ असा: तिकडच्या तेरा वसाहती एकदिलाने उठल्या आणि आठ वर्षांत त्यांनी इंग्रज हाकलला, आपल्याकडे घरोघरी फितूर, म्हणून १८१८ झालं आणि पुढची सव्वाशे वर्षं भोगली. शेवटी खास माझ्यासाठी एक ओळ, ‘पण हे शपथ घेऊन मोकळे झालेल्यांना काय सांगायचं!’ त्याखाली काकूने हात जोडले होते. काकू कशालाही हात जोडते.

दुपारी मंडळी जेवायला यायची होती, कणसं सोलायची होती, नवरा ग्रिल पुसत होता. मी कणसं तशीच टाकली आणि उत्तर लिहायला बसले.

एकदिलाने? अरे, मी इथे न्यू जर्सीत, एडिसनला राहते. मुलीच्या ब्रेसेससाठी महिन्यातून एकदा पर्थ अँबॉयला जाते, तिथे खाडीच्या अंगाला एक जुनं विटांचं घर अजून उभं आहे. न्यू जर्सीचा शेवटचा राजनियुक्त गव्हर्नर त्यात राहायचा. विल्यम फ्रँकलिन. शंभराच्या नोटेवरच्या बेंजामिनचा मुलगा. एकुलता उरलेला मुलगा.

बापाच्याच ओळखीपाळखीवर त्याला १७६२ साली हे पद मिळालं. पुढे बाप राजावर उलटला, मुलगा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायचं. दादाच्या तोंडी हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, फक्त तो ते दुसऱ्यांच्या बाबतीत म्हणतो. जून १७७६ मध्ये विल्यमला पकडून कनेक्टिकटला नेलं. सप्टेंबरात बाप याच पर्थ अँबॉयवरून पलीकडे स्टॅटन आयलंडला इंग्रज सेनापतीशी बोलणी करायला गेला. बरोबर जॉन अ‍ॅडम्स होता. (वाटेत दोघांना एकाच बिछान्यावर झोपावं लागलं आणि खिडकी उघडी की बंद यावर वाद झाला, हे अ‍ॅडम्सनेच लिहून ठेवलंय. तेरा वसाहती आणि एकदिल!) मुलगा तेव्हा कैदेत होता. पुढच्या वर्षी त्याची बायको न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागली. भेटू द्या, अशी विनंती त्याने वॉशिंग्टनला केली, वॉशिंग्टनने ती काँग्रेसकडे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेकडे पाठवली, काँग्रेस नाही म्हणाली. ती गेली. आणि बापाने मृत्युपत्रात मुलासाठी काय ठेवलं, तर नोव्हा स्कोशियातली जमीन आणि मुलाकडे आधीच असलेली पुस्तकं. युद्धात तू माझ्याविरुद्ध वागलास ते सगळ्या जगाला माहीत आहे, हे कारण वर लिहून.

ही एका घराची गोष्ट. १७७६च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनची फौज जर्सीतून मागे हटत होती, तेव्हा राजाची माफीपत्रं घ्यायला इथले लोक हजारोंनी गेले. ट्रेंटनच्या लढाईत पारडं फिरलं तसे त्यातले कित्येक परत इकडे. युद्ध संपल्यावर सुमारे ६०,००० माणसं देश सोडून गेली, बरीचशी कॅनडात. तिकडे त्यांचे वंशज राजनिष्ठ घराणं म्हणून मिरवतात. टोरांटोची माझी मैत्रीण सांगते, तिच्या शेजारणीच्या दिवाणखान्यात तसलं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय.

आता आपल्याकडचं घे. रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला मार्च १७७५च्या पहिल्या आठवड्यात. इकडच्या युद्धाची पहिली गोळी लेक्सिंग्टनला सुटली १९ एप्रिलला. मधे सहा आठवडे. राघोबा फितूर, मान्य. पण मग इकडे यॉर्कटाउनला ज्याची फौज वॉशिंग्टनला शरण गेली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूवर चालून गेला, तेव्हा त्याच्या बरोबर कोण होतं? हरिपंत फडके आणि आपले परशुरामभाऊ पटवर्धन. १७९१च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणसमोरून कॉर्नवॉलिस उपाशी फौज घेऊन माघारी निघाला होता, त्याला जगवलं मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराने. भावही सणसणीत लावला म्हणतात. ज्या भाऊंनी बांधलेल्या गणपतीच्या देवळातून निघणारा रथ दादा दर ऋषिपंचमीला खांद्याचं सालपट निघेस्तोवर ओढतो, ते हेच. त्यांना फितूर म्हण बघू. नाही म्हणणार. ते राजकारण होतं.

आणि टायटसला काय म्हणशील? श्रूजबरीचा गुलाम, इथून खाली पाऊण तासावर. बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने येतील ते मोकळे, असं व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने १७७५च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. त्याच महिन्यात टायटस पळाला आणि पुढे कर्नल टाय म्हणून तिथल्याच मॉनमथ काउंटीत धाडी घालू लागला. ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्यांच्या विरुद्ध. तो कोणाशी फितूर झाला? त्याला विकू शकणाऱ्या मालकाशी? कोरेगावच्या स्तंभावरून दर १ जानेवारीला दादा जे काही लिहितो, ते वाचताना मला हा टायटस आठवतो. ज्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं त्यांनी आपलं मीठ कधी खाल्लं होतं, एवढंच विचारायचं असतं. विचारत नाही. काकू हात जोडेल.

इथवर लिहून झालं तेव्हा मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पुराव्यानिशी बोलायची इथे सवय लागते, वगैरे एक वाक्यही टाकलं होतं. मग दादाची शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि ते खोडलं.

अमेरिकेच्या नागरिकत्वाची माझी शपथ न्यूअर्कला झाली, सात वर्षांपूर्वी. खुर्चीवर आधीच एक कागदी झेंडा आणि पाकीट ठेवलेलं. शेजारी एक डॉमिनिकन आजी, ठेवणीतला पोशाख घालून आलेली. शपथेत सुरुवातीलाच ते वाक्य येतं: आजवर ज्या परक्या राजाची वा राज्याची मी प्रजा होते, त्याच्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडते. ‘परक्या’ हा शब्द आला आणि माझा आवाज बंद झाला. ओठ हलवले फक्त. शाळेत प्रतिज्ञा पाठ नसलेली मुलं हलवतात तसे. पुढचं वाक्य आलं तेव्हा परत सूर धरला. आजी मात्र शब्दन् शब्द खणखणीत म्हणाली आणि रडली.

म्हणजे कागदावर मी इकडची, आणि ज्या वाक्याने इकडची झाले ते म्हटलेलंच नाही. विल्यमने निदान एक बाजू धरली आणि किंमत मोजली. मी कुठली मोजली? पर्थ अँबॉयला ब्रेसेसचे पैसे. रद्दचा शिक्का मारलेला जुना पासपोर्ट देवघराखालच्या खणात पंचांगावर ठेवलाय. हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि इथे लिहिते आहे.

उत्तर पाठवलं नाही. कणसं जरा करपली. रात्री, म्हणजे त्याच्या पहाटे, दादाचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला: ‘यंदा रथाला येतेस का? आई विचारते आहे.’ सप्टेंबरात शाळा सुरू झालेली असते, मुलीची रजा होत नाही, त्यालाही हे माहीत आहे. दरवर्षी विचारतो. मी तिकिटं बघते म्हणाले.